आफ्रिकेला झाडे लावायला शिकवणाऱ्यांसाठी

नांगरट:
परवा ‘साधा माणूस’ यांनी साहेलमधल्या, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यातल्या, एका उजाड शेताचा फोटो टाकला आणि त्याखाली लिहिले की हवामानबदलात होरपळणाऱ्या आफ्रिकी खेड्यांना भारताने रोपवाटिका, ठिबक आणि संकरित बियाणे पुरवावे, कारण “तिथल्या लोकांनी सरपणासाठी झाडे तोडून वाळवंट स्वतःच ओढवून घेतले, आणि झाड लावायचे असते हे त्यांना कोणी सांगितलेच नाही.” या मजकुराखाली शंभरावर अंगठे पाहिले आणि उत्तर लिहायला बसले. कामानिमित्त नायजरच्या मराडी भागात मी चार पावसाळे काढले आहेत.

सांगणाऱ्यांची तिथे कधीच वाण नव्हती. सत्तरच्या दशकातल्या दुष्काळानंतर साहेलभर रोपे लावली गेली आणि त्यांतली बहुतेक उन्हाने, वाळूने, शेळ्यांनी संपवली. मराडीत मिशनच्या कामावर असलेले ऑस्ट्रेलियाचे टोनी रिनाउडो हेच लागवडीचे काम करून हताश झाले होते. 1983 च्या सुमारास, वाळूत गाडी रुतू नये म्हणून टायरांतली हवा कमी करायला ते उतरले असता, रस्त्याकडेचे खुरटे झुडूप हे झुडूप नसून तोडलेल्या झाडाच्या खुंटाला आलेले फुटवे आहेत, हे त्यांच्या लक्षात आले. शेतकरी दर हंगामाआधी शेत साफ करताना ते फुटवे कापून टाकत. मुळे मात्र खाली जिवंतच होती. तेव्हा लावायचे काहीच नव्हते, फक्त कापायचे थांबायचे होते.

हे काम मी हातात कोयता घेऊन केलेले आहे. एका खुंटाला दहा-पंधरा धुमारे असतात, त्यांतले सरळ, जाड असे तीन-चार ठेवायचे, बाकीचे उडवायचे, आणि ठेवलेल्यांच्या खालच्या निम्म्या भागातल्या बाजूच्या फांद्या साफ करायच्या. छाटलेले सरपण घरी जाते, पाला शेतात राहतो. पूर्वी वाऱ्याबरोबर येणारी वाळू कोवळ्या बाजरीला कापून काढी, त्यामुळे दुबारच काय, तिबार आणि चौबार पेरणी करावी लागे. झाडे उभी राहिल्यावर एका पेरणीत भागू लागले, असे म्हाताऱ्या शेतकऱ्यांनी मला शेतातच उभे राहून सांगितले. त्यांचे आवडते झाड ‘गाओ’. ते भर पावसात पाने टाकते, त्यामुळे पिकावर सावली धरत नाही. उन्हाळ्यात ते हिरवे असते आणि त्याच्या शेंगा गुरे खातात. दक्षिण नायजरमध्ये अशा रीतीने सुमारे 50 लाख हेक्टरांवर झाडे परतली आहेत. आणि आपण त्यांना रोपवाटिका देणार.

साधा माणूस:
ताई, माझ्या चार ओळींवर आपण प्रबंध लिहिलात, त्याबद्दल आभार. झाडे लावणे हा जर परक्यांचा अडाणीपणा असेल, तर 2007 साली आफ्रिकी संघानेच सेनेगलपासून जिबुतीपर्यंत सुमारे 8000 किलोमीटर लांबीची ‘हरित भिंत’ उभारण्याचा संकल्प का सोडला, हेही सांगून टाकावे. ती कल्पना माझी नव्हती. आणि धुमाऱ्यांचे कौतुक करताना नायजरमध्ये बाजरी हेक्टरी जेमतेम पाच क्विंटलच्या आसपास पिकते हे आपण सोयीस्कर गाळलेत. ज्या देशाचा जननदर जगातल्या सर्वाधिक दरांपैकी आहे, तिथे गाओच्या सावलीने पोट भरणार नाही. बियाणे, खत आणि पाणी लागेलच. दारिद्र्याला शहाणपण म्हणून सजवणे ही शहरी माणसांची जुनी हौस आहे.

अर्धविराम:
दोघांच्याही भावना पोचल्या. माझी अडचण आकड्यांची आहे. साहेलमध्ये साठच्या दशकाच्या अखेरीपासून ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत पाऊस कमालीचा घटला आणि नव्वदच्या दशकात तो बराचसा सावरला. उपग्रहांना दिसलेली हिरवळ त्याच काळातली आहे. मग श्रेय कोयत्याला की ढगाला? पाऊस वाढला की आमच्या गच्चीतसुद्धा पिंपळ उगवतो, त्यासाठी कोणी ऑस्ट्रेलियाहून यावे लागत नाही.

नांगरट:
प्रश्न रास्त आहे, गच्चीचा दाखला नाही. नायजरचा दक्षिण भाग आणि सीमेपलीकडचा उत्तर नायजेरिया यांची माती एक, पाऊस एक, बहुतेक ठिकाणी भाषाही एकच, हौसा. तरीही उपग्रहचित्रांत शेतातल्या झाडांची दाटी नायजरच्या बाजूला जास्त दिसते, म्हणजे गरीब देशाच्या बाजूला. ढग पारपत्र पाहून बरसत नसावेत. पावसाने हातभार लावला हे मला मान्य आहे, पण फुटवा कापायचा की राखायचा हे पाऊस ठरवत नाही.

हरित भिंतीबद्दलही सांगते. झाडांच्या सलग पट्ट्याची मूळ कल्पना त्यांना स्वतःलाच बाजूला ठेवावी लागली. आता तिचे उद्दिष्ट 2030 पर्यंत 10 कोटी हेक्टर जमीन सुधारण्याचे आहे आणि त्यात शेतातले धुमारे राखण्याचे कामही मोजले जाते. साधा माणूस यांनी भिंतीचे फक्त नाव वाचलेले दिसते.

देवगडकर:
इथे खरा प्रश्न कोणी विचारलेलाच नाही: ते झाड कोणाचे?

वडिलांनी घराच्या मागे स्वतःच्या हाताने सागाची अकरा रोपे लावली होती. घराचे वासे बदलायची वेळ आली तेव्हा स्वतःच्या जमिनीतले, स्वतः वाढवलेले दोन साग तोडण्यासाठी 1964 च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी काढावी लागली. अर्ज, सातबारा, नकाशा, पंचनामा, पुन्हा अर्ज, कारण आधीचा गहाळ झाला होता. दोन पावसाळे घर ताडपत्रीखाली काढले. आता आगरात कुठे सागाचे रोप रुजलेले दिसले की ते वीतभर असतानाच मी उपटून टाकतो. पर्यावरणवाद्यांनी मला खुशाल शिव्या द्याव्यात.

पाणाड्या:
देवगडकर साहेब, धागा नायजरचा आहे, तो आपल्या आगरात नेऊन बांधू नका.

देवगडकर:
तो तिथेच बांधला जाणार, कारण नायजरचा शेतकरी नेमके माझ्यासारखेच वागत होता. फ्रेंचांनी 1935 साली पश्चिम आफ्रिकेतल्या आपल्या वसाहतींसाठी वनकायदा केला, त्यात शेतातल्या महत्त्वाच्या झाडांवर हक्क सरकारचा ठरला. फांदी तोडली तर दंड. मग शहाणा माणूस काय करील? झाड मोठे होऊन सरकारचे होण्याआधीच ते उपटील. याला आमचे साधा माणूस ‘सरपणासाठी वाळवंट ओढवून घेणे’ म्हणतात! भूजलाचा अंदाज नारळ हातावर ठेवून सांगणाऱ्यांना कायद्याची ही बाजू कळणे अवघड आहे, हे मी समजू शकतो.

पाणाड्या:
नारळ ठेवत नाही, बोअरवेलचे काम करतो, आणि त्या कामासाठी बुर्किना फासोत तीन वर्षे राहिलो आहे. तिथले लिहिणार होतो. आता चिडून लिहितो.

यातेंगा भागात ‘झाई’ नावाचे खड्डे खणतात. हातभर रुंद, वीतभर खोल, त्यात मूठ-दोन मुठी शेणखत. खताला वाळवी येते, ती जमीन पोखरते, आणि पहिला पाऊस वाहून न जाता खड्ड्यातच मुरतो. सिमेंटसारख्या टणक, पांढऱ्या पडलेल्या जमिनीवर ज्वारी येते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण हेक्टरी असे दहा हजारांवर खड्डे लागतात आणि ते खणायचे असतात भर उन्हाळ्यात. एका सकाळी हौसेने मीही आखूड दांड्याची कुदळ घेतली. एकविसाव्या खड्ड्याला हाताचे फोड फुटले, आणि शेजारी खणणारी बाई पाठीवरच्या पोरासकट माझ्या दोन ओळी पुढे होती. तिला ठिबक आणि ट्रॅक्टर नको, खड्डाच हवा, असे ठरवणारे आपण कोण? ज्या घरातले तरुण आयव्हरी कोस्टला मजुरीला गेले, त्या घरात हे खड्डे खणायचे कोणी?

आणि यातेंगातलेच शेतकरी याकुबा सावादोगो यांचे नाव अजून कोणी घेतले नाही, याचे नवल वाटते. 1980 च्या सुमारास त्यांनी जुन्या झाईचे खड्डे मोठे केले, त्यात खत टाकले आणि कोरड्या दिवसांतच खणायला घेतले, म्हणून गावाने त्यांना वेडे ठरवले. त्यांचे रान पेटवून देण्यात आले. 2018 साली त्यांना मानाचा राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला, रिनाउडो यांनाही त्याच वर्षी मिळाला. पण सावादोगोंनी उभ्या केलेल्या जंगलावर वाढत्या शहराच्या प्लॉटिंगचे खुंट ठोकले गेले. 2023 च्या डिसेंबरात ते वारले.

देवगडकर:
म्हणजे शेवटी तेच: झाड कोणाचे आणि जमीन कोणाची. माझे म्हणणे इतक्या तपशिलाने सिद्ध केल्याबद्दल आभारी आहे. नारळाचे शब्द मागे घेतो.

पाणाड्या:
घ्या. फोड अजून आठवतात.

नांगरट:
कायद्याचा मुद्दा मी आधीच लिहायला हवा होता, तो देवगडकरांनी चिडचिड करत का होईना आणला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून नायजरमध्ये वनरक्षकांचा जाच सैल झाला आणि 1993 च्या ग्रामीण संहितेने शेतकऱ्याच्या हक्काला आधार दिला. मराडीतले लोक झाडांबद्दल बोलताना ‘रक्षक यायचे बंद झाले तेव्हापासून’ असा काळ मोजतात. उलट 1984 च्या दुष्काळात कामाच्या बदल्यात धान्य देऊन धुमारे राखायला लावले होते, तेव्हा धान्य थांबताच बरीचशी झाडे पुन्हा तोडली गेली. झाड आपले आहे असे वाटल्याशिवाय ते टिकत नाही. श्रमांबद्दल पाणाड्या यांचे म्हणणे मला मान्य आहे. झाईवर मी लिहिले नव्हते, पण लिहिले असते तर बहुधा त्या बाईची पाठ माझ्याकडून राहून गेली असती.

मेंढका:
‘झाड आपले’ यातले ‘आपले’ म्हणजे कोण? सगळ्यांनी शेतकऱ्याची बाजू घेतली. साहेलभर गुरे घेऊन फिरणारा फुलानी जमातीचा गुराखी कुठे गेला?

आमचा मेंढ्यांचा वाडा दिवाळीनंतर खाली उतरायचा. आजोबा शेतकऱ्याच्या रानात मेंढ्या बसवायचे, त्याबदल्यात धान्य मिळायचे, आणि वाट अडवली म्हणून कोणाशी भांडल्याचे मला आठवत नाही. साहेलमध्येही हेच होते: काढणीनंतर गुरे शेतात यायची, पिकाची ताटे खायची, खत टाकायची. आता शेतकरी ताटे तोडून घरी नेतो, स्वतःच्या शेळ्यांना घालतो किंवा विकतो. नायजरच्या 1961 च्या कायद्याने शेतीची उत्तर सीमा आखली होती, त्यापलीकडचा मुलूख गुरांचा. शेती ती सीमा ओलांडून केव्हाच पुढे गेली. गुरांच्या वाटांवर बाजरी उभी राहिली की पुढे काय होते, ते बातम्यांत ‘वांशिक संघर्ष’ म्हणून येते. झाईच्या खड्ड्यातले ते मूठभर शेणखत कोणाच्या गुरांचे असते, हे पाणाड्यांनी त्या बाईला विचारले होते का?

पाणाड्या:
विचारले नव्हते.

आता तर तिला विचारायलाही कोणी जाऊ शकत नाही. 2023 पर्यंत सशस्त्र टोळ्यांच्या भीतीने बुर्किनातले 20 लाखांवर लोक विस्थापित झाले होते आणि यातेंगाचा भाग त्याच पट्ट्यात येतो. मी ज्या गावात राहिलो तिथला कोणी गेली चार वर्षे फोन उचलत नाही.

अर्धविराम:
नायजर-नायजेरिया सीमेचा दाखला मी तपासला आणि तो टिकतो, असे नाइलाजाने नोंदवतो. तरीही एक बाब राहते. उपग्रहनोंदींनुसार साहेलमधल्या अतितीव्र वादळांची संख्या 1982 पासून सुमारे तिप्पट झाली आहे. 2024 च्या ऑगस्टमध्ये नायजरमधल्या झिंदेरची एकोणिसाव्या शतकातली मातीची मशीद पावसाने कोसळली. दुष्काळावर शोधलेले उपाय अशा पावसाला पुरतील का? खड्डा मुरवतो तितकेच पाणी मुरवतो, आणि एका रात्रीत त्याच्या दसपट पडले तर बीही वाहून जाते.

नांगरट:
उताराला आडव्या दगडांच्या ओळी घातल्या तर वेग मोडतो. यातेंगात लोकांनी पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने समपातळी काढून त्या घातल्या आहेत. मोठ्या पुराला त्याही पुरणार नाहीत. इथे माझ्याकडे उत्तर नाही. मेंढका यांच्या प्रश्नालाही नाही. मराडीत मी ज्यांच्या घरी राहिले ते सगळे शेतकरी होते आणि गुराख्यांबद्दल मी जे ऐकले ते त्यांच्याच तोंडून ऐकले.

साधा माणूस:
एवढ्या विद्वानांपुढे माझे काय चालणार! ‘कोणी सांगितलेच नाही’ हे वाक्य काढून टाकले आहे. बियाण्यांचा मुद्दा मात्र ठेवला आहे. बाजरीच्या सुधारित वाणांचे काम हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेचे नियामी या नायजरच्या राजधानीजवळचे केंद्रही करते, तेव्हा भारताचा संबंध मी हवेतून आणलेला नाही. फोटोखालची ओळही आपल्या समाधानासाठी बदलून ‘नायजेरियातील शेतकऱ्यांनी राखलेली झाडे’ अशी केली आहे.

नांगरट:
बियाण्याचे काम होते, हे मान्य. मूळ बाजरी त्यांच्याकडूनच आपल्याकडे आलेली आहे, तेवढीच परतफेड. फोटोखाली मात्र ‘नायजर’ लिहा. आपण लिहिले आहे ती सीमेची दुसरी बाजू, झाडे कमी असलेली.