पूर ओसरल्यावर विहिरीचे पाणी कधी प्यावे?

नदीकाठ:
आमचे गाव शिरोळ तालुक्यात कृष्णेकाठी आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी आमची विहीर पुराखाली गेली. मागच्या खेपेस पाणी उतरताच टीसीएलची (पाणी निर्जंतुक करणाऱ्या ब्लीचिंग पावडरची) पिशवी फोडून भुकटी थेट विहिरीत ओतलेली मी पाहिली, तरीही आठवड्याभरात गल्लीत जुलाब आणि ताप सुरू झाले. मग नेमके चुकले कुठे?

जलसुरक्षक:
दादा, भुकटी थेट ओतणे हीच चूक आहे. आधी विहीर उपसून गाळ काढावा लागतो, कारण गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्ची पडतो आणि जंतूंसाठी उरत नाही. नंतर टीसीएल बादलीत कालवून दहा मिनिटे निवळू द्यावी, वरची निवळी तेवढी विहिरीत सोडून पाणी चांगले ढवळावे आणि तळाचा चुना बाहेर टाकावा. ताज्या टीसीएलचे प्रमाण हजार लिटरला किमान अडीच ग्रॅम असते. चार मीटर व्यासाच्या विहिरीत पाच मीटर पाणी असेल, तर ते सुमारे ६३ हजार लिटर भरते, म्हणजे दीडशे ग्रॅमहून थोडी अधिक टीसीएल लागते. पुरानंतर मात्र याहून जास्त लागते. तासाभराने ओटी चाचणी करावी, म्हणजे पाण्याच्या नमुन्यात ओटीच्या बाटलीतले थेंब टाकून क्लोरीन उरला आहे का ते पाहावे. नमुना पिवळा झाला नाही, तर ते पिऊ नये, उकळूनच वापरावे.

आरोग्यसेविका:
जुलाबाचे मूळ विहिरीत असू शकते, पण तापाचे मूळ बहुधा चिखलात असते. उंदीर आणि गुरांच्या लघवीतून आलेले लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचे) जंतू पायांच्या भेगांतून आणि जखमांतून शरीरात शिरतात. ताप सहसा ५ ते १४ दिवसांनी येतो, म्हणून घर धुऊन झाल्यावर अंग तापले की त्याचा पुराशी संबंध कोणाच्या ध्यानातच येत नाही. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि लेप्टोची साथ त्यानंतरच्या आठवड्यांत आली. माझी कळकळीची विनंती आहे, की गाळ काढताना गमबूट घाला आणि पोटऱ्या ठणकू लागल्या, डोळे लाल झाले, तर अंगावर काढू नका. प्रतिबंधासाठी डॉक्सीसायक्लिन देतात, पण गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांसाठी औषध वेगळे असते, त्यामुळे ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

पाऊसपाणी:
हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के अधिक बाष्प मावते, त्यामुळे थोड्या वेळात कोसळणारा पाऊस वाढत चालला आहे आणि तयारीला उसंत मिळत नाही. टीसीएल दमट जागी राहिली की तिचा क्लोरीन उडून जातो. मागच्या वर्षीची उघडी पिशवी जवळपास निकामी असते. मृगापूर्वीच नवा साठा घेऊन तो कोरड्या, झाकणाच्या डब्यात उंचावर ठेवावा.

नदीकाठ:
आमची पिशवी शाळेच्या पडवीत, ओल्या भिंतीला टेकलेली होती. उद्याच ग्रामपंचायतीत जाऊन साठा आणि ओटीची बाटली पाहतो.