विषय: भाचीला विमानतळ बांधायच्या कामात जायचंय

नमस्कार मंडळी,

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. माझ्या ताईची मुलगी फर्मागुडीला गोवा इंजिनिअरिंग कॉलेजात सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. ताईचं सासर पेडण्यातलं, मोपाच्या सड्याखालच्या (सडा म्हणजे कातळाचं पठार) गावातलं. लहानपणी पोरीने त्या सड्यावर काजू वेचलेत आणि आता संध्याकाळी अंगणात बसलं की विमान उतरताना दिसतं, तेव्हापासून तिने मनाशी धरलंय की विमानतळ बांधायचं काम करायचं. घरचे म्हणतात मोपाच्या विमानतळावर काउंटरला लाग, घरून जाऊन येऊन करशील, कशाला साइटवर उन्हात मरायचं. ती म्हणते मला रनवेच्या खाली काय असतं ते शिकायचंय.

मी इकडे बहरीनला अकाउंट्समध्ये, मला यातलं ओ की ठो कळत नाही. आपल्या या मेलिंग लिस्टवर मस्कत, दोहा, दुबईला विमानतळांच्या कामावर असलेले लोक आहेत म्हणून विचारतो. सरकारीत जावं, एमटेक करावं की सरळ कंपनीत? आणि मुलीला साइट झेपेल का, हे ताईने खास विचारायला सांगितलंय.

मामा, मनामा

---

उत्तर: भाचीला विमानतळ बांधायच्या कामात जायचंय

नमस्कार,

पहिलं ताईच्या प्रश्नाचं. झेपतं. माझ्या हाताखाली क्वालिटीला दोन मुली होत्या, दोघी आज माझ्यापेक्षा मोठ्या हुद्द्यावर आहेत. फक्त जिथे जाईल तिथे राहण्याची सोय आणि साइटवर स्वच्छतागृह आहे का हे आधी विचारून घ्या, त्यात लाजायचं काही नाही, मी प्रत्येक ठिकाणी तेच पहिलं बघायचो.

मी आता गोव्यात परत येऊन म्हापशाला असतो पण लिस्ट सोडली नाही. बावीस वर्षं आखातात धावपट्ट्या आणि एप्रन (विमानं उभी राहतात ती जागा) यांच्या पक्क्या थरांवर, पेव्हमेंटवर, काम केलं. लोकांना विमानतळ म्हटलं की काचेचं टर्मिनल दिसतं, पण विमानतळ म्हणजे मुळात माती आणि पाणी, हे मी तिला पहिल्या दिवशी सांगेन. धावपट्टीला मधून दोन्ही कडांकडे साधारण दीड टक्का उतार देतात, म्हणजे ६० मीटर रुंद पट्टी असली तर मधली रेष कडेपेक्षा ४५ सेंटीमीटर उंच, गाडीतून बघितलं तर कळणारही नाही. आणि वरचा थर झाला की त्यावर तीन मीटरची सरळ पट्टी, मधली उंच रेष सोडून कुठेही, कशीही आडवी-उभी ठेवायची, खाली ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसता कामा नये. मी गुडघ्यावर बसून रात्रीच्या रात्री ती पट्टी सरकवलीय, टॉर्च मागून मारायचा आणि पट्टीखालून उजेड कुठे येतो ते बघायचं. त्या ३ मिलिमीटरमध्ये पाणी साठतं, आणि वेगात उतरणाऱ्या विमानाचं चाक पाण्यावर तरंगलं की ब्रेक लागत नाही.

आखातात पाऊस वर्षातून चार दिवस. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटर, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. मोपासारख्या सड्यावर पडणारं पाणी खालच्या गावांच्या झरींना आणि कुळागरांना (सुपारी-नारळाच्या बागांना) जातं, ते कुठून वळवायचं, कुठे थोपवायचं, गढूळ होऊन शेतात जाऊ नये म्हणून काय करायचं, हे ज्याला कळतं त्याला जगात कुठेही काम आहे. तिचं घर त्याच सड्याखाली आहे, हे पाणी तिने डोळ्यांनी बघितलेलं आहे. मुंबई-दिल्लीच्या मुलांकडे ते नाही.

म्हणून माझं मत, पास झाल्यावर लगेच एमटेकला नको. आधी दोन पावसाळे साइटवर काढू देत, विमानतळच पाहिजे असं नाही, हायवे चालेल, पूल चालेल, पण माती भरणं, रोलर, सीबीआरची (माती किती भार पेलते त्याची) टेस्ट, काँक्रीट या सगळ्यात हात घातलेला पाहिजे. मग एमटेक ट्रान्सपोर्टेशन किंवा जिओटेक, तेव्हा पुस्तकातलं प्रत्येक पान कळतं. तोपर्यंत इकाओचं (आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेचं) अॅनेक्स १४ आणि डीजीसीएचे (आपल्या विमान वाहतूक महासंचालनालयाचे) एरोड्रोमचे, म्हणजे विमानतळांचे, नियम थोडे थोडे वाचत राहावं, सगळं त्यावरच चालतं.

सरकारीचं म्हणशील तर एअरपोर्ट्स अथॉरिटीत ज्युनियर एक्झिक्युटिव्ह सिव्हिलची भरती गेल्या काही वर्षांत गेटच्या (इंजिनिअरिंगची देशपातळीवरची परीक्षा) मार्कांवर झालीय, वयाची अट जास्तीत जास्त २७. तेव्हा गेट द्यायचंच, कॉलेजात असतानाच. एटीसीची (विमानांना टॉवरवरून सूचना देणाऱ्यांची) परीक्षा वेगळी असते, ते कामही वेगळं, घोळ करू नका.

एक सांगून ठेवतो, कारण मला महागात पडलं. एका ठिकाणी (नाव नको) टॅक्सीवेच्या (विमान धावपट्टीपर्यंत जातं तो रस्ता) खालून लाइटच्या केबलसाठी तीन डक्ट, म्हणजे पाइप, जायच्या होत्या. माझ्या हातातलं ड्रॉइंग जुन्या रिव्हिजनचं, म्हणजे सुधारणेआधीचं, त्यात दोनच. काँक्रीट पडून अकरा दिवस झाल्यावर इलेक्ट्रिकलचा पोरगा येऊन विचारतो तिसरी कुठाय. नवंकोरं काँक्रीट करवतीने कापलं, तो आवाज अजून कानात आहे. त्यानंतर रोज सकाळी ड्रॉइंगवरचा रिव्हिजन नंबर वाचल्याशिवाय मी चहा घेतला नाही. तिला ही सवय पहिल्या नोकरीत लागली पाहिजे.

काका, म्हापसा

---

उत्तर: भाचीला विमानतळ बांधायच्या कामात जायचंय

काकांनी मातीचं सांगितलं, मी कागदाचं सांगते, कारण प्लॅनिंगलाही मुली कमी येतात आणि यायला पाहिजेत.

मोपाचा पहिला टप्पा वर्षाला ४४ लाख प्रवाशांसाठी केलाय. ३६५ ने भागलं तर दिवसाला १२ हजार. पण प्लॅनर त्या आकड्यावर टर्मिनल करत नाही. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कुठल्या एका तासात किती लोक एकदम येतात, त्यात किती जणांकडे बॅगा, किती जणांना न्यायला अख्खं घर आलंय, तिथून सुरुवात होते. गोव्याच्या जुन्या विमानतळाचं, दाभोळीचं घ्या, पोर्तुगीजांनी बांधलेला तळ, आज नौदलाचा, आयएनएस हंसा, सकाळी नौदलाच्या ट्रेनिंगला वेळ द्यायला लागतो, मग प्रवासी विमानं उरलेल्या तासांत गर्दी करतात. अशा अडचणीतच प्लॅनिंग शिकायला मिळतं.

आणि पर्यावरणाचा अभ्यास म्हणजे फाईल भरणं समजू नका. मोपाची पर्यावरण परवानगी सुप्रीम कोर्टाने मार्च २०१९ मध्ये थांबवली आणि जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठली. तेवढे महिने सगळं थांबलं. झाडं, पाणी, झरी यांचा अहवाल आधीच नीट, प्रामाणिक लिहिणारी माणसं पाहिजेत, आणि तो लिहायला त्याच गावातली मुलगी असेल तर मला फार बरं वाटेल.

इकडे दुबईत अल मक्तूम विमानतळाचं नवीन टर्मिनल २०२४ मध्ये मंजूर झालं, पाच समांतर धावपट्ट्या, वर्षाला २६ कोटी प्रवासी. कामं आहेत. पण फ्रेशर मुलीला एजंटला पैसे देऊन इकडे पाठवू नका, कुणी मागितले तर लिस्टवर आम्हाला विचारा. तीन-चार वर्षांचा अनुभव आणि प्रिमाव्हेरा (कामाचं वेळापत्रक आखायचं सॉफ्टवेअर) हातात असेल तर मीच तिचा सीव्ही पुढे देईन.

ताई, दुबई

---

उत्तर: भाचीला विमानतळ बांधायच्या कामात जायचंय

काका, दुबईच्या ताई, तुमचे मेल भाचीला फॉरवर्ड केले. रात्री साडेअकराला फोन आला, म्हणते मामा ते तीन मिलिमीटरचं मी बाबांना अंगणात पट्टी ठेवून दाखवलं, आमच्या अंगणात तर दोन बोटं जातात. माझी ताई अजून काउंटरचंच म्हणतेय पण आवाज खाली आलाय. गेटचा फॉर्म भरते म्हणाली. मी चवथीला येतोय, काका तुम्ही असाल तर तिला घेऊन येऊ का?

मामा

---

उत्तर: भाचीला विमानतळ बांधायच्या कामात जायचंय

ये की. चवथ झाल्यावरच्या रविवारी सकाळी या, पाऊस असला तरी या, असला तर बरंच. पेडण्यात ओळखीच्या एकाची जुनी चिरेखण (चिऱ्यांची, म्हणजे जांभ्या दगडाची खाण) आहे, तिथे नेतो. वरती कडक चिरा, त्याखाली मऊ पिवळट माती जी ओली झाली की साबणासारखी सुटते, सड्यावर जे काही उभं राहतं ते यावरच. तिच्या आईलाही आणा. पोरीला सांग बूट घालून यायचं आणि वही-पेन्सिल आणायची, मोबाइलवर फोटो नको, थर हाताने काढायला सांगणार आहे.

काका