चंद्राचे वजन वाढले कुठून?

प्रश्न : भूगोल शिक्षक, अंबाजोगाई

‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेतील ‘किल द मून’ हा भाग (पहिले प्रसारण ४ ऑक्टोबर २०१४) नववीच्या मुलांना दाखवावा आणि त्यातील चुका त्यांच्याकडूनच काढून घ्याव्यात, असा माझा विचार आहे. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगतो. साल २०४९. चंद्राचे वस्तुमान १.३ अब्ज टनांनी वाढले आहे. त्यामुळे तेथे माणसे पृथ्वीवर चालावे तशी चालत आहेत आणि पृथ्वीवर सगळीकडे एकाच वेळी भरती येऊन हाहाकार उडाला आहे. पुढे कळते की चंद्र हे मुळात अंडे असून आतला जीव बाहेर पडण्याच्या बेतात आहे. त्याला अणुबॉम्बने मारायचे की जगू द्यायचे, याचा कौल पृथ्वीवासीयांनी दिवे मालवून किंवा चालू ठेवून द्यायचा असतो. दिवे मालवले जातात, म्हणजे कौल मारण्याचा मिळतो. तरीही क्लारा (काळातून प्रवास करणाऱ्या ‘डॉक्टर’ या नायकाची सोबतीण) शेवटच्या क्षणी स्फोट थांबवते, जीव उडून जातो आणि जाता जाता तेवढेच नवे अंडे घालून जातो.

‘चंद्र अंडे कसा असेल?’ या हरकतीत मला रस नाही, कारण ती कथेची अट आहे आणि ती मान्य करूनच आपण टीव्हीसमोर बसतो. ज्याने अट मान्य केली त्यालाही खटकाव्यात अशा जागा मला हव्या आहेत. मला स्वतःला दोन जागा खटकल्या. एक, क्लारा भविष्यकाळात जाऊन आलेली आहे आणि तेथे तिने चंद्र पाहिलेला आहे. शिवाय याच मालिकेच्या १९६७ सालच्या ‘द मूनबेस’ या कथेत २०७० साली चंद्रावर माणसांचा तळ आहे. मग चंद्र राहतो की जातो, हे कोडे उरतेच कुठे? दोन, डॉक्टर गुरुत्वाकर्षण तपासतो ते यो-यो खेळून. पण जोर देऊन फेकलेला यो-यो दोरीच्या ताणामुळे आणि स्वतःच्या फिरण्यामुळे परत येतो. १९८५ साली तो अमेरिकी अंतराळयानातही खेळून पाहिलेला आहे. त्यापेक्षा एक मीटर उंचीवरून खडा सोडला असता तर काम झाले असते, कारण पृथ्वीवर त्याला खाली यायला ०.४५ सेकंद लागतात आणि चंद्रावर सुमारे १.१ सेकंद. आणखी कोणाला काय दिसते?

उत्तर १ : पाटबंधारे खात्यातील निवृत्त अभियंता, पैठण

गुरुजी, आपण सर्वांत मोठे भोक सोडून बारकी ठिगळे मोजत बसला आहात. १.३ अब्ज टन हा आकडा ऐकायला भारदस्त वाटतो, म्हणूनच तो संवादात आला असावा. आमच्या नाथसागराची, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाची, पूर्ण क्षमता २,९०९ दशलक्ष घनमीटर आहे. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन, या हिशेबाने जायकवाडी काठोकाठ भरले की सुमारे २.९ अब्ज टन पाणी साठते. म्हणजे चंद्राच्या पोटात जेवढी भर पडली ती अर्ध्या जायकवाडीएवढीही नाही. चंद्राचे स्वतःचे वस्तुमान ७.३५ गुणिले १० चा १९ वा घात इतके टन आहे; त्यात ही भर म्हणजे साधारण ५,६०० कोटी भागांत एक भाग. पृथ्वीसारखे चालता यावे यासाठी, आकार तोच ठेवून, चंद्र सहापट जड व्हायला हवा.

ही केवळ शास्त्राची चूक असती तर मी सोडून दिली असती. परंतु भरत्या, माणसांचे चालणे, बॉम्ब घेऊन आलेले यान, हे सगळे याच एका आकड्याला टांगलेले आहे. लेखकाने आकडा सांगितलाच नसता तर कथा तगली असती. ‘सगळीकडे एकाच वेळी भरती’ हे वाक्यही तसेच आहे, कारण एकीकडे भरती यायची तर ते पाणी दुसरीकडच्या ओहोटीतून यावे लागते. आमच्याकडे वरची धरणे भरल्याशिवाय खाली पाणी येत नाही, हे पैठणच्या माणसाला निराळे समजावून सांगावे लागत नाही.

‘मूनबेस’बद्दल मात्र मी लेखकाच्या बाजूचा आहे. नवे अंडे जागेवर आले की २०७० सालच्या तळाला जमीन मिळालीच. क्लाराच्या शंकेवर डॉक्टर सांगतो की तिने पाहिलेला चंद्र कदाचित खराही नसेल. उत्तर पळवाटीचे आहे, पण लेखकाला प्रश्न सुचला होता हे त्यातून दिसते. ते भोक नव्हे.

उत्तर २ : गृहिणी, सेलू

माझ्याकडे दहा-बारा गावरान कोंबड्या असतात, त्यामुळे मला हा भाग पाहताना भरत्यांपेक्षा अंड्याचाच राग आला. उबवणीत अंडे जड होत नाही, हलके होते. खुडूक बसलेल्या कोंबडीखाली अंडी ठेवली की एकवीस दिवसांत कवचाच्या बारीक छिद्रांतून पाण्याची वाफ निघून जाते आणि अंड्याचे वजन सुमारे १२ टक्क्यांनी घटते. रात्री अंधारात अंड्याच्या बुडाशी बॅटरी धरली तर रुंद टोकाची हवेची पोकळी दिवसागणिक मोठी होत गेलेली स्पष्ट दिसते. पिल्लू वाढते ते आतल्याच पिवळ्या-पांढऱ्या बलकावर. बाहेरून कोणी त्याला दाणे टाकत नाही. म्हणून अंड्याची अट मान्य केली तर चंद्र हलका व्हायला हवा होता. वजन वाढण्यासाठी बाहेरून काही आत गेले पाहिजे, आणि ते कुठून गेले याविषयी चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत एक शब्द नाही.

दुसरे, कवचातून निघाल्याबरोबर त्या जीवाने आपल्याएवढेच अंडे घातले. आमची तलंग (तरुण कोंबडी) अंड्यावर यायला पाच-सहा महिने घेते, आणि तिचे पहिले अंडे लहानच असते. त्या जीवाला खायला तरी काय मिळाले होते?

उत्तर ३ : वीज उपकेंद्रातील यंत्रचालक, लातूर जिल्हा

माझा मुद्दा फक्त कौलाचा आहे. पडद्यावर पृथ्वीवरचे दिवे पट्ट्यापट्ट्याने जातात, एकेक प्रदेश मिनिटभरात काळा होतो. घरोघरी लोकांनी आपापली बटणे बंद केली तर असे दिसत नाही. ५ एप्रिल २०२० रोजी रात्री ९ वाजता आपल्या देशाने ९ मिनिटे घरातले दिवे मालवले होते, तेव्हा देशाची मागणी सुमारे ३१,००० मेगावॅटने खाली आली. पण रस्त्यावरचे दिवे आणि रुग्णालये चालूच होती, कारण ती बंद करायची नाहीत असेच सांगितलेले होते. वरून पाहणाऱ्याला त्या रात्रीही भारत दिसला असता. संपूर्ण प्रदेश एकदम काळा व्हायचा असेल तर कोणीतरी उपकेंद्रात बसून फीडर (त्या भागाला वीज पुरवणारी वाहिनी) उघडावा, म्हणजे तोडावा लागतो. म्हणजे कौल लोकांनी दिला नसून फीडर उघडणाऱ्याने दिला, आणि क्लारा ज्याला मानवजातीचा निर्णय समजून नाकारते तो निर्णय मानवजातीचा नव्हताच. मला वाटते हे लेखकाच्याही लक्षात आले नसावे, कारण लक्षात आले असते तर कथेचा शेवट कितीतरी सोपा झाला असता.

शिवाय त्या वेळी आमच्या भागात भारनियमन असते तर आमची अख्खी गावे, काही माहीत नसताना, ‘मारा’ या बाजूने मोजली गेली असती.

प्रश्नकर्ता :

सर्वांचे आभार. ‘मूनबेस’ची हरकत मी मागे घेतो. कौलाच्या मुद्द्यात माझ्या विषयाची एक भर घालतो. चंद्रावरून एका वेळी पृथ्वीची एकच बाजू दिसते, आणि तीतही दिवे दिसतात ते रात्र असलेल्या भागातले. ही संपूर्ण रात्रीची बाजू चंद्राकडे असते ती पौर्णिमेला, आणि तेव्हाही उरलेल्या अर्ध्या जगात लख्ख दिवस असतो. त्यांनी दिवा लावला काय आणि मालवला काय, क्लाराला कळणार कसे?

सेलूच्या ताईंना एक विनंती आहे. वर्गात अंडे ठेवून दर तिसऱ्या दिवशी वजन करायचे असेल तर ते कोंबडीखालून काढलेले चालते का?

उत्तर २ (पुन्हा) :

चालते, सर. मात्र कोंबडी दाणे-पाण्यासाठी उठते तेव्हाच काढावे आणि पाच-दहा मिनिटांत परत ठेवावे, म्हणजे ते गार होत नाही. एकच अंडे ठेवू नका, चार ठेवा, कारण त्यांतले एखादे रिकामे निघते. वजनासाठी सोनाराकडे असतो तसा काटा लागेल. किराणा दुकानातल्या काट्यावर तीन दिवसांत घटलेला ग्रॅमभर फरक दिसणार नाही. आणि अंड्यांवर पेन्सिलीने आकडे घाला, नाहीतर मुले चौथे अंडे पहिले म्हणून मोजतील.