बॅचलर भाडेकरू नकोत: सोसायटीचा हक्क की मनमानी?

लांबचा_मालक
ठाण्यातला माझा टू बीएचके तीन नर्सना भाड्याने दिला. लिव्ह अँड लायसन्स भाडेकरार रजिस्टर केला, पोलिसांकडे नोंद केली, सोसायटीला कागद वेळेत दिले. तरी टेम्पो गेटवर अडवला! गेल्या वार्षिक सभेत म्हणे ‘फक्त फॅमिली’ असा ठराव झालाय. गाद्या, शेगडी फुटपाथवर ठेवून मुली ताटकळत उभ्या. हप्ते मी फेडतो, मेंटेनन्स मी भरतो, मग घरात कोण राहील हे कमिटी कोण ठरवणार?

चौथा_मजला
कारण तिथे तुम्ही राहत नाही, आम्ही राहतो. आमच्या डोक्यावर चार पोरं होती. रात्री दोनला स्पीकर, जिन्यात बाटल्या, आणि मालक फोन उचलेल तर शपथ. भाडं तुमच्या खात्यात, मनस्ताप आमच्या वाट्याला.

उपविधीवाला
2014 चे आदर्श उपविधी, म्हणजे सोसायट्यांसाठीची सरकारी नमुना नियमावली, स्वीकारलेत ना? मग भाड्याने द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. आठ दिवस आधी कळवायचं आणि कराराची प्रत द्यायची, संपलं. बिनभोगवटा शुल्कही, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते, तपासा. 2001 च्या सरकारी आदेशाप्रमाणे ते सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांवर जाऊ शकत नाही. पाणी, सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी) त्या हिशेबात येत नाही. बऱ्याच कमिट्या अख्ख्या बिलावर लावतात आणि लोक मुकाट भरतात.

माजी_सेक्रेटरी
2005 चा निकालही वाचा की. अहमदाबादच्या सोसायटीने सभासदत्व फक्त पारशांना ठेवलं, सुप्रीम कोर्टाने ते मान्य केलं. मग आम्ही फॅमिली मागितली तर आभाळ कोसळलं? टाकी धुण्यापासून लिफ्टच्या वार्षिक देखभाल करारापर्यंत कमिटी फुकट राबते. सभेला मात्र हेच मालक गैरहजर.

उपविधीवाला
तिथला प्रश्न सभासदत्वाचा होता, भाडेकरूंचा नाही. शिवाय तो नियम नोंदणीकृत उपविधीत होता. तुमचा नुसता हात वर करून झालेला ठराव. उपविधीतली दुरुस्ती सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे नोंदवल्याशिवाय लागू होत नाही. आणि रात्री 10 नंतरच्या स्पीकरला ध्वनी नियम आहेतच, 112 ला फोन करा. वाजवणाऱ्याला धरा ना, लग्न न झालेल्याला कशाला?

एकटीच
आमच्या बिल्डिंगमधलं सगळ्यात मोठं भांडण तिसऱ्या मजल्यावरच्या सासू-सुनेचं. त्यांच्याकडे कुणी एनओसी मागितलेली नाही.

चौथा_मजला
हसा. 112 वाले येतात, आवाज कमी करायला सांगतात, जातात. अर्ध्या तासाने पुन्हा सुरू. तक्रार करणारा म्हणून आमचंच नाव होतं. मालकाने करारातच लिहून द्यावं, दोन तक्रारी झाल्या की भाडेकरू बाहेर. मग माझा विरोध नाही.

लांबचा_मालक
हे मान्य, कलम टाकतो. ठरावाविरुद्ध उपनिबंधकांकडे अर्ज मात्र करणार.

माजी_सेक्रेटरी
खुशाल करा. मुलींच्या स्कूटरला पार्किंगचं स्टिकर कोण देतं, तेवढं बघून ठेवा.

उपविधीवाला
हेच लेखी द्याल का? अर्जाला जोडायला बरं पडेल.