जवळच्या प्राणी निवाऱ्याला मदत करायचीय, पैसे द्यावे का वस्तू?

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकला आडगावच्या बाजूला राहायला आलोय. घराजवळच एका मळ्यात चार-पाच जणांनी मिळून चालवलेला निवारा आहे, पत्र्याची शेड, जाळीचे कप्पे, पाण्याचा हौद, बस. गाडीखाली आलेली, कुणीतरी सोडून दिलेली कुत्री-मांजरं आणतात, बरी करतात, घरं शोधून देतात आणि जी मुळात रस्त्यावरची असतात ती परत त्यांच्या गल्लीत नेऊन सोडतात. ट्रस्ट रजिस्टर आहे म्हणतात. तर पुढच्या महिन्यात माझ्या सासऱ्यांचं वर्षश्राद्ध आहे आणि त्यांना कुत्र्यांचं भारी वेड, म्हणून त्यांच्या नावानं इथे काहीतरी द्यावं असं घरात चाललंय. नवरा म्हणतो डॉगफूडच्या मोठ्या गोण्या नेऊन टाकू, नणंद अमेरिकेत असते ती म्हणते मी पैसे पाठवते, मला एखादं पिल्लूच आणावंसं वाटतं पण घर भाड्याचं आणि सासूबाई ठाम नाही म्हणतायत. नक्की कशाचा उपयोग होतो? आणि पैसे जागेवर लागतात का हे कसं बघायचं, कारण इन्स्टावर रडके व्हिडिओ तर सगळ्यांचेच असतात.

भूभूताई
गोण्या घेण्याआधी त्यांना एक फोन करून विचारा की आत्ता काय संपलंय. आमच्याकडे (पुण्यात शनिवार-रविवार जाते मी एका शेल्टरला) लोक वाढदिवसाला डॉगफूड आणतात, ते पण प्रत्येक जण वेगळ्या ब्रँडचं, आणि एकदम खाणं बदललं की अर्ध्या कुत्र्यांची पोटं बिघडतात मग ते सगळं धुवायला आम्हीच. रोजचं खाणं म्हणजे मोठ्या पातेल्यात तांदूळ, हळद आणि चिकनवाल्याकडून आणलेले पाय-मुंड्या, हाडं काढून. त्यामुळे तांदळाचं पोतं दिलंत तर कुणी नाही म्हणणार नाही. जुन्या चादरी, टॉवेल, गोणपाट, रद्दी हे पाहिजेच असतं, पावसाळ्यात तर फारच. कापसाच्या गाद्या मात्र नका देऊ, एकदा भिजली की वाळत नाही आणि वास मारते.

पण खरं विचाराल तर पैसे, आणि ते पण एकदम नाही, दर महिन्याला. जखमी पिल्लाचा फोटो टाकला की संध्याकाळपर्यंत ऑपरेशनचे पैसे जमतात हो, पण सकाळी सहाला येऊन सगळे कप्पे धुणाऱ्या, पातेलं चढवणाऱ्या मावशींच्या पगारासाठी कोण देतं? त्यांचा फोटो टाकून लाइक येत नाहीत. लाइट बिल, फिनाइल, गाडीचं डिझेल, औषधवाल्याची उधारी यात संस्था बुडतात. वर्षश्राद्धाला एकदा वीस हजार देण्यापेक्षा महिन्याला हजार-दीड हजार सुरू करा, बँकेत ऑटो करून टाका, आणि स्पष्ट सांगा की हे पगाराला लावा. लोक रडतील आनंदानं.

हिशेबनीस
पैसे जागेवर लागतात का यावर माझ्याकडून थोडं, कारण हेच काम करतो.

महाराष्ट्रात ट्रस्ट असेल तर तो धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असतो आणि दरवर्षी ऑडिट द्यावं लागतं. नोंदणी क्रमांक आणि मागच्या वर्षाचा ताळेबंद मागा, चांगली संस्था लगेच व्हॉट्सअ‍ॅप करते. "ताई विश्वास नाही का आमच्यावर" असं भावनिक उत्तर आलं तर जरा थांबा. पैसे संस्थेच्या नावाच्या खात्यातच टाका, कुणाच्या तरी पर्सनल जीपेवर नाही.

टॅक्सचं म्हणाल तर संस्थेकडे देणगीवर करसवलतीची नोंदणी (८०जी म्हणतात ती) असेल तर साधारण देणगीच्या निम्म्या रकमेची वजावट मिळते, त्यालाही उत्पन्नानुसार मर्यादा आहे. रोख २००० च्या वर दिलेत तर वजावट नाही. तांदूळ, डॉगफूड अशा वस्तूंवर पण नाही, फक्त पैशांवर. पॅन द्या आणि नुसत्या पावतीवर थांबू नका, वर्ष संपल्यावर संस्थेकडून देणगीचं प्रमाणपत्र यायला हवं. आणि तुम्ही नव्या कररचनेत असाल तर हे सगळं विसरा, तिथे ८०जी चालतच नाही, मग सासऱ्यांच्या नावानं मोकळ्या मनानं द्या.

नणंदेचं महत्त्वाचं. त्यांचा पासपोर्ट अजून भारतीय असेल आणि स्वतःच्या बचतीतून देत असतील तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. पण अमेरिकन नागरिक झाल्या असतील, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) असलं तरी, तर संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणगीचा कायदा) नोंदणी लागते आणि ते पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खास खात्यातच घ्यावे लागतात. मळ्यातल्या छोट्या संस्थेकडे हे बहुतेक नसतं. उगाच पाठवून त्यांना अडचणीत आणू नका.

खवचट काका
सगळं छान आहे, पण आमच्या कॉलनीत रात्री टू-व्हीलरवरून येणं मुश्किल झालंय, सात-आठ कुत्री मागे लागतात. हे खायला घालणारे सकाळी बिस्किटं टाकून निघून जातात, चावा आम्हाला. त्या कुत्र्यांना पण शेल्टरमध्ये न्या की, परत का सोडता?

सुईदोरा
काका, तुमची तक्रार रास्त आहे आणि मी पशुवैद्य असून सांगतोय. पण परत सोडतात ते संस्थांच्या हौसेनं नाही, २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम आहेत, नसबंदी आणि रेबीजची लस करून त्याच भागात सोडायचं. सुप्रीम कोर्टानं २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीसाठी आधी सगळी उचला म्हटलं, मग अकरा दिवसांत बदल केला की रेबीजची आणि आक्रमक कुत्री सोडून बाकीची लस-नसबंदी करून परत सोडा. नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, स्टँड, स्टेशन इथल्या कुत्र्यांसाठी वेगळा हुकूम आला, ती परत तिथे सोडायची नाहीत. कुठलीच जागा मोकळी राहत नाही हो, एक टोळी उचलली की शेजारची येते, आणि ती बिनलसीची. तुमच्या कॉलनीतल्या कुत्र्यांचे कान बघा एकदा, नसबंदी झालेल्याच्या कानाला छोटी खाच असते. खाच नसेल तर फोन बिस्किटवाल्यांना नाही, महापालिकेला करा. आणि चावलंच तर आधी वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा, हळद-चुना-मिरची काही लावू नका, आणि त्याच दिवशी लस सुरू करा.

बाकी हा वाद आत्ताचा नाही. मुंबईत इंग्रज सरकार भटकी कुत्री मारत होतं, त्यावरून १८३२ ला पारशी मंडळी रस्त्यावर उतरली, दंगल झाली, आणि दोन वर्षांनी जमशेटजी जीजीभॉय वगैरेंनी पांजरपोळ (बेवारस जनावरांचा आश्रय) काढला. चालू द्या.

गोदाकाठची ताई, सासऱ्यांच्या नावानं द्यायचंच असेल तर माझं मत, माद्यांच्या नसबंदीला द्या. भाद्रपदात कुत्र्यांचं काय चालतं ते सगळ्यांना माहितीय, त्यानंतर दोन महिन्यांनी म्हणजे दिवाळीच्या पुढेमागे पिल्लांचा पूर येतो, खोक्यात घालून निवाऱ्याच्या गेटवर ठेवून जातात लोक. त्यातली किती जगतात ते विचारू नका. पार्व्होचं एक पिल्लू आत आलं की अख्ख्या शेडची वाट लागते, सलाईन लावून चार-पाच दिवस रक्ताची हगवण बघत बसायचं, आणि तो विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने राहतो. त्या खोक्यांच्या आधीच, उन्हाळ्यात, माद्यांची नसबंदी झाली तर निम्मं काम हलकं. आमच्याकडे खाजगीत मादीला चार हजारांच्या पुढेच जातं, संस्थेला डॉक्टर कमी लावतात. दहा माद्यांचे पैसे दिलेत तर त्यांच्या नोंदवहीत दहा नोंदी दिसतील, तारीख, गल्ली, फोटो, म्हणजे तुमचा हिशेबाचा प्रश्न पण तिथेच मिटला.

माऊची मावशी
माझं थोडं वेगळं, पैसे कमी असतील तर घर द्या. कायमचं नाही, फॉस्टर. ऑपरेशन झालेलं मांजर दोन-तीन आठवडे किंवा डोळे न उघडलेली पिल्लं दोन महिन्यांची होईपर्यंत सांभाळायची, औषधं-खाणं संस्था देते, मग दत्तक जातात. भाड्याचं घर आहे तर मालकाला आधी विचारून ठेवा, नंतर कटकट नको. मांजराला एक बाथरूम पुरतं. गाईचं दूध अजिबात नका देऊ पिल्लांना, जुलाब लागतात, आणि तापाची गोळी म्हणून मांजराला क्रोसिन कधीच नाही, मरतं. (हे मी सारखं लिहिते कारण लोक सारखं देतात.)

सासूबाईंना आत्ता पिल्लू नकोय तर ढकलू नका हो. घरात एकाचा विरोध असताना नेलेलं कुत्रं सगळ्यात आधी परत येतं. आमच्या फॉर्ममध्ये पहिला प्रश्न तोच आहे, घरातले सगळे तयार आहेत का, आणि आम्ही घरी जाऊन बघतो, म्हातारं माणूस दारामागून "मला नकोय" म्हणालं की नम्रपणे परत फिरतो. आणि पुढे कधी घेतलंतच तर मोठं घ्या, तीन-चार वर्षांचं. पिल्लांना गिऱ्हाईक मिळतंच, मोठी काळी गावठी मादी वर्षानुवर्षं त्याच कप्प्यात बसून असते.

गोदाकाठची
बापरे, किती नीट सांगितलंत सगळ्यांनी. आज त्यांना फोन केला, ताळेबंद लगेच पाठवला, आणि म्हणाले डॉगफूड नको, तांदूळ आणि ब्लीच संपलंय. नणंदेचा पासपोर्ट अमेरिकन झालाय, म्हणजे ते बंद, ती म्हणते मग मी आल्यावर कुत्र्यांना फिरवते. महिन्याला हजार सुरू करतोय पगारासाठी आणि श्राद्धाच्या पैशांतून माद्यांच्या नसबंद्या. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या पावतीवर त्यांचं पूर्ण नाव घाला, नुसतं आडनाव नको. रविवारी मुलाला घेऊन जाऊ का बघायला? नऊ वर्षांचा आहे, थोडा घाबरतो.

भूभूताई
न्या की, पण आधी वेळ विचारून, खाण्याच्या वेळेला नको. पार्व्होच्या कप्प्याकडे नाही न्यायचं, तुमच्या बुटांवरून पुढच्या पिल्लाला जातो. मुलाला सांगा पळायचं नाही, ओरडायचं नाही, हात आधी कुत्र्याला हुंगू द्यायचा. घाबरणाऱ्या पोरांना आम्ही म्हातारी कुत्री ब्रश करायला देतो, ती झोपूनच असतात. जुने कपडे घालून या, पांढरं काही नको.