वडिलांची दगडी पाटी आणि शाळेची पत्र्याची पेटी: जपावी कशी?

पूर्व भागातली लेक:

नमस्कार. सोलापूरच्या पूर्व भागातले आमचे माळवदाचे घर दिवाळीनंतर उतरवून तेथे नवे बांधायचे ठरले आहे. गेल्या आठवड्यात माळ्यावरचे सामान खाली काढताना वडिलांची शाळेची पत्र्याची पेटी सापडली. तिच्यात लाकडी चौकटीची दगडी पाटी, एक टाक, कोरडी पडलेली काचेची दौत, मुखपृष्ठ हरवलेली अंकलिपी, निळ्या शाईने लिहिलेल्या दोन वह्या, प्रगतिपुस्तक आणि चादरीच्या तुकड्याचे शिवलेले बस्कर एवढ्या वस्तू निघाल्या.

वडील ऐंशीच्या घरात आहेत आणि त्यांना आता नीट दिसत नाही. मी पाटी हातात दिली तेव्हा त्यांनी अंगठा सरळ उजव्या कोपऱ्यावर नेला, कारण तेथे चौकट निखळलेली असून माझ्या आजोबांनी ती मागाच्या फणीच्या तारेने आवळून बांधली होती. प्रगतिपुस्तकात पालकांच्या सहीच्या जागी आजोबांनी प्रत्येक परीक्षेला तेलुगू अक्षरांत नाव लिहिले आहे. त्यांना मराठी बोलता येई, वाचता येत नसे. म्हणजे गुरुजींनी शेरा काय लिहिला आहे हे ते मुलालाच विचारून सही करत असणार.

भावाचे म्हणणे आहे की वह्यांना लॅमिनेशन करून घ्यावे आणि बाकीचे सामान काढून टाकावे. माझे मन त्याला तयार नाही. पाटी धुतलेली चालेल का, चिकटलेली पाने कशी सोडवावीत आणि अंकलिपी कोणत्या काळातली हे कसे ओळखावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त शिक्षिका:

ताई, काहीही काढून टाकू नका, बस्करही नाही. आमच्या वर्गात बाके चौथीनंतर मिळत आणि तोपर्यंत प्रत्येकाच्या घरचे बस्कर असे. कोणाच्या घरी कोणत्या मागावर काम चालते, हे त्या तुकड्याच्या काठावरून आम्हा मुलींना कळत असे.

पाटी पाण्यात बुडवून ठेवू नये. हा दगड थरांचा असतो आणि पातळ फळीसारखा सुटतो म्हणूनच त्याची पाटी होते. पाणी कडेने थरांत शिरले आणि पाटी लगेच उन्हात ठेवली तर तो सुटण्याची भीती असते. लाकडी चौकटही फुगते. ओलसर सुती फडक्याने पुसावी, सावलीत वाळू द्यावी, एवढे पुरे. चकाकी यावी म्हणून तेल मात्र लावू नका, कारण तेलकट दगडावर पेन्सिल उठत नाही. लहानपणी आम्ही पाटी काळी व्हावी म्हणून कोळसा आणि पाला चोळत असू, पण तो रोजच्या वापरातल्या पाटीचा उपाय होता, साठ-सत्तर वर्षे विसावलेल्या पाटीचा नव्हे.

आंध्रातल्या मार्कापूरचा पाटीचा दगड फार प्रसिद्ध आहे, तेव्हा तुमची पाटी तिकडून आलेली असणे शक्य आहे. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी अशाच पाटीवर आम्ही एकच्या आकड्यांची सरस्वती काढत असू आणि सकाळी गिरणीचा भोंगा होण्याआधी आई तिच्यापुढे झेंडूची फुले ठेवत असे. ती सरस्वती दिवसभर पुसायची नसल्यामुळे त्या दिवशी अभ्यासाला आपोआप सुट्टी मिळे, आणि त्या सुट्टीचा आनंद मला आजही जसाच्या तसा आठवतो.

जुने कागद जमवणारा:

अंकलिपीच्या काळाबद्दल लिहितो. मुखपृष्ठ गेले असले तरी मलपृष्ठावर किंवा शेवटच्या पानाच्या तळाशी किंमत छापलेली आहे का, ते आधी पाहावे. किंमत आण्यांत असेल तर पुस्तक बहुधा १ एप्रिल १९५७ पूर्वी छापलेले आहे, कारण त्या दिवशी दशमान नाणी सुरू झाली. किंमत ‘नवे पैसे’ अशी असेल तर ते १९५७ ते १९६४ या वर्षांतले मानायला हरकत नाही. १ जून १९६४ पासून ‘नवे’ हा शब्द गळून नुसता ‘पैसा’ राहिला. कोठे ‘मुंबई राज्य’ असा उल्लेख सापडला तर छपाई १ मे १९६० च्या आधीची धरता येईल. पेटीत पुढेमागे क्रमिक पुस्तक निघाले आणि त्यावर ‘बालभारती’ दिसले नाही तर आश्चर्य वाटू देऊ नका, कारण पाठ्यपुस्तक मंडळाची स्थापनाच २७ जानेवारी १९६७ रोजी झाली.

आत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकी अशा अपूर्णांकांच्या पाढ्यांची कोष्टके असतील तर वडिलांना त्यांतले एखादे म्हणायला सांगून ध्वनिमुद्रित करून ठेवावे. साडेतीनच्या पटीची औटकी तोंडपाठ असलेली माणसे आता फार थोडी उरली आहेत.

दौतीतली शाई बहुधा पुडीची किंवा गोळीची, पाण्यात विरघळवलेली असावी. दांडेकरांच्या कंपनीने १९३१ मध्ये मुंबईत घोडा छाप शाईची पूड आणि गोळ्या काढूनच सुरुवात केली होती आणि तीच पुढे कॅमलिन झाली.

ग्रंथालयातील सेवक:

वरील गृहस्थांनी गोळीच्या शाईचा विषय काढला आहे, त्यावरूनच वह्यांचे उत्तर मिळते. पूर्वीची काळी शाई काजळ आणि डिंक घोटून करत, ती शतकानुशतके फिकी पडत नाही. हिराकस (लोखंडाचा क्षार) घालून केलेली शाई कालांतराने कागदालाच खाते. गोळीची निळी शाई मात्र नुसता रंग असतो, जो उन्हाने उडतो आणि पाण्याने पसरतो. म्हणून चिकटलेल्या पानांना वाफ किंवा ओलावा अजिबात देऊ नये. पाने आपोआप सुटत नसतील तर ती तशीच ठेवून कागदाच्या जतनाचे शिक्षण घेतलेल्या माणसाला दाखवावीत.

लॅमिनेशन कृपया करू नका. त्यात उष्णतेने प्लॅस्टिक कागदाला कायमचे जडते आणि पुढे काही बिघडले तर ते उलटवता येत नाही. चिकटपट्टीही नको. गंजलेल्या टाचण्या असतील तर त्या अलगद काढाव्यात. वर्तमानपत्रात गुंडाळू नये, कारण त्या कागदातले आम्ल शेजारच्या पानाला पिवळे करते. धुतलेल्या मांजरपाटात वह्या बांधाव्यात आणि पोथ्यांच्या दप्तरात ठेवत तसे वेखंडाचे तुकडे बाजूला ठेवावेत.

फिकी अक्षरे वाचण्यासाठी पान खिडकीशी धरून एका बाजूने तिरपा उजेड पडेल अशा रीतीने छायाचित्र घ्यावे. टाकाच्या पोलादी निबेने कागदात पडलेली खाच शाई उडाल्यावरही दिसते.

पत्र्याची पेटी पुन्हा वरच्या मजल्यावर ठेवू नये. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो आणि छताखालचा पत्रा तव्यासारखा तापतो. खालच्या मजल्यावरचे, भिंतीला न टेकणारे कपाट बरे.

पाटीचा पाईक:

सर्वांचे म्हणणे योग्य आहे, तरी पाटी कपाटात बंद करू नये असे मला वाटते. घरात लहान मूल असेल तर त्याला तिच्यावर लिहू द्यावे. पेन्सिलीची धूळ मात्र मुलांच्या नाकातोंडात जाऊ देऊ नये. मंदसौर भागात पाटीच्या पेन्सिली कापणाऱ्या कितीतरी कामगारांना त्या धुळीने सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार झाला आणि त्यांतले अनेक जण तरुणपणीच गेले. आपण बालपणाच्या या वस्तूंबद्दल इतक्या मायेने बोलतो, तेव्हा त्या माणसांचीही आठवण ठेवावी असे मनापासून वाटते.

पूर्व भागातली लेक:

सर्वांची अत्यंत आभारी आहे. लॅमिनेशन रद्द झाले. भावाने हे सारे वाचून स्वतःच मांजरपाट आणून दिले. अंकलिपीच्या शेवटच्या पानावर तीन आणे अशी किंमत निघाली. वडिलांनी औटकी न अडखळता म्हटली आणि आम्ही ती ध्वनिमुद्रित केली.

काल पुसून वाळवलेली पाटी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि पेन्सिल दिली. ते काही आकडे काढतील असे वाटले होते, पण त्यांनी आजोबांची तेलुगू सही काढली. त्यांना तेलुगू लिहिता येत नाही. प्रगतिपुस्तकाशी ताडून पाहिले तर शेवटच्या अक्षराचे वळण सोडून सही जवळजवळ तशीच उतरली होती. ती अजून कोणी पुसलेली नाही.

एक शंका राहिली. कोपऱ्यावरची फणीची तार गंजली आहे आणि गंज चौकटीच्या लाकडात उतरू लागला आहे. तार न काढता तो थांबवता येईल का, एवढे कोणी सांगितले तर बरे होईल.