शब्दचर्चा : जाळी झिरपते की पाझरते?

प्रश्न : पर्कोलेशनचा एक छोटा प्रोग्राम लिहिलाय. चौकोनी जाळी, त्यातलं प्रत्येक घर ठरावीक संभाव्यतेनं मोकळं, नाहीतर बंद. वरच्या ओळीत पाणी सोडायचं. ते मोकळ्या शेजारघरांतून सरकत तळाला पोचलं, तर ती जाळी 'पर्कोलेट' झाली. सोबतची माहिती मराठीत द्यायचीय. 'विसरण' चालेल की 'झिरपण'?

– विसरण नको, तो डिफ्यूजनसाठी रुळलाय. शिवाय गोष्टच वेगळी. विसरणात कण वाट्टेल तसा भरकटतो. इथे पाण्याचं वागणं ठरलेलं असतं, यदृच्छा (नशिबावर सोडलेला भाग) असते ती जाळीत, कोणती घरं मोकळी यात. ब्रॉडबेंट आणि हॅमर्सली या संशोधकांनी 1957 मध्ये हा विषय मांडला तो याच फरकावर बोट ठेवून.

– माझं मत 'पाझरणे'. कर्ता कोण ते बघा. झिरपतं ते पाणी. माठ झिरपतो असं कोणी म्हणत नाही, माठ पाझरतो. तुमच्या वाक्यात कर्ता जाळी आहे. म्हणजे पाणी घराघरांतून झिरपतं आणि जाळी पाझरते. दोन्ही क्रियापदं ठेवा, कामं वाटून द्या.

– आणि मधेच अडलेलं पाणी? ते 'मुरलं' म्हणायचं का?

– नको. मुरलेलं पाणी दिसेनासं होतं. इथे तर ती घरं पडद्यावर निळी दिसताहेत. 'अडलेला पुंजका' पुरे.

प्रश्नकर्ता : पटलं. थ्रेशोल्डला, म्हणजे ज्या प्रमाणापुढे जाळी पाझरायला लागते त्याला, काय म्हणू? मोकळ्या घरांचं प्रमाण 0.55 ठेवलं तर मोठी जाळी जवळजवळ कधीच पाझरत नाही, 0.63 ला जवळजवळ नेहमीच.

– 'उंबरठा' म्हणा. अनंत जाळीसाठी तो 0.5927 च्या आसपास आहे. हा आकडा असाच प्रोग्राम चालवून काढलेला. त्याचं नेमकं सूत्र अजून कोणाला सापडलेलं नाही. घरांऐवजी घरांमधले दुवे उघडे-बंद केले, तर मात्र तो बरोबर 1/2 येतो. केस्टन या गणितज्ञानं 1980 मध्ये ते सिद्ध केलं. दगडाला पाझर फुटतो तो असा एकदम! (20 बाय 20 च्या जाळीत तो 'एकदम'पणा दिसणार नाही, आलेख पसरट येईल. जाळी मोठी घ्या.)

– शब्दांइतकीच 'शेजारा'ची व्याख्याही लिहा. बाजूला बाजू लागलेली चारच घरं शेजारी, की कोपऱ्याला कोपरा लागलेलीही? आठ धरलीत तर उंबरठा 0.407 पर्यंत खाली येतो, आणि वाचणारा म्हणेल तुमचा प्रोग्राम चुकलाय.